सुईचा कल

हे कुणाला पटायचं नाही, आणि चटकन पटलं तर मलाच वाईट वाटेल, तरी सांगतो. रस्त्यावरून चालताना वरच्या मजल्यावर कुणी रेकॉर्ड लावली, तर तिच्यावरची सुई किती अंशांनी कलली आहे हे मी पाऊल न थांबवता सांगत असे. एकदा एका गृहस्थांचा फोन आला, गाणं फाटल्यासारखं वाजतंय म्हणाले. म्हटलं, फोन जरा स्पीकरपाशी धरा. त्यांनी धरला. चार ओळी ऐकल्या आणि सांगितलं, सुई उजव्या अंगाला झुकली आहे, पाऊण अंश, आणि झाकणावर मांजर चढून झोपतं ते आधी बंद करा. मग ते म्हणाले, "मिस्त्री, मांजर कुठल्या रंगाचं तेही सांगा." ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल आणि शंभर वेळा मांजराचा रंग बदलला असेल. मांजर होतं एवढं खरं. आदल्याच महिन्यात त्यांच्या जिन्यात मी ते पाहिलं होतं, हे मात्र आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. आज बोलतो, कारण आज जे सांगायचंय त्यापुढे मांजर म्हणजे काहीच नाही, आणि मोठी थाप पचवायची तर आधी एखादी लहान उगाळून द्यावी, हा माझा जुना शिरस्ता आहे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी बहिरा झालो. पावणेअकरापर्यंत नव्हतो. लेकीने कान तपासायला धरून नेलं होतं, कारण आदल्या आठवड्यात शिट्टीची किटली शेगडीवर बोंबलून बोंबलून काळी पडली आणि मी तिच्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसलो होतो. लेक खालच्या मजल्यावरून धावत आली. म्हणाली, "बाबा, अख्ख्या इमारतीला ऐकू आलं." मी म्हटलं, "मला पाणी आटवूनच चहा आवडतो." ती हसली नाही, तिच्या आईसारखी ती थाप ऐकताना भिंतीकडे बघते. तर मला दवाखान्यात एका गादी लावलेल्या पेटीत बसवलं, कानांवर जड टोप्या चढवल्या आणि हातात एक बटण दिलं. काचेपलीकडे एक पंचविशीतली मुलगी यंत्र घेऊन बसली होती. "आजोबा, बारीकसा का होईना, आवाज आला की दाबायचं." पहिले दोन-तीन आवाज आले, जाड, पोटातून आल्यासारखे. मग काही येईना. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. माझ्या लक्षात आलं की ती यंत्राची कळ दाबते तेव्हा तिचं कोपर इवलंसं हलतं. मी कोपरावर बटण दाबत गेलो. सात-आठ वेळा बरोबर जमलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

त्यानंतर जी शांतता सुरू झाली ती माझ्या ओळखीची नव्हती. शांतता हा माझ्या धंद्यातला माल आहे. सुई टेकते आणि गाणं सुरू व्हायचं असतं तेव्हाची एक शांतता असते, तिच्यात धूळ असते, खोलीचा श्वास असतो. दोन गाण्यांमधली शांतता निराळी, तिला मागच्या गाण्याची ऊब असते. ही मात्र चरीच न पाडलेल्या कोऱ्या चकतीची होती. सुई फिरते आहे, खाली काही नाही. मी बटण हातात धरून वाट बघत बसलो. मग तिने कागद आणून दाखवला. त्यावर एक रेघ होती. थोडं अंतर सरळ जात होती आणि मग गच्चीचा कठडा संपावा तशी खाली पडली होती. "इथून पुढे?" मी बोट ठेवून विचारलं. "इथून पुढे नाही, आजोबा. स, श, फ, किल्ल्यांचा आवाज, पाखरं, किटली. माणसं बोलतील ते कळेल तुम्हाला, कारण मधलं मधलं तुम्ही अंदाजाने भरता." मी म्हटलं, "अंदाजाने भरणं हाच माझा धंदा, पोरी." तिने मान हलवली आणि तो कागद माझ्या हातात दिला. केव्हापासून असेल असं विचारलं तर म्हणाली, सात वर्षं, आठ वर्षं, हे हळूहळू होतं, कळत नाही.

सात वर्षं. जिना उतरताना मी हिशेब मांडत होतो, पायऱ्यांचा आणि माणसांचा. सात वर्षांत मी ज्यांच्या सुया लावल्या ते डोळ्यांपुढून जायला लागले: तो दातांचा डॉक्टर, ज्याला व्हायोलिनच्या वरच्या तारेवर खरखर नको होती, त्या दोघी बहिणी, ज्या एकच रेकॉर्ड दोन खोल्यांत दोन यंत्रांवर लावून भांडत, तो शाळामास्तर, ज्याने माझ्या दारात उभं राहून सांगितलं होतं की आज पहिल्यांदा गायिकेने ओठ मिटलेले ऐकू आले. ओठ मिटलेले. आणि मी त्याला म्हटलं होतं, हो, मलाही. वाईट वाटायला हवं होतं. लोकांना वाटतं. मला मात्र त्या जिन्याच्या वळणावर छाती फुगल्यासारखं झालं. म्हणजे सात वर्षं माझ्याकडे कान नव्हते आणि एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. कान असताना सुई लावणं यात काय मोठेपणा, ते कुणीही करेल. खाली लेक फॉर्म भरत होती. "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "मेण आहे म्हणाली. वयाच्या मानाने कान तल्लख आहेत." लेकीने भिंतीकडे पाहिलं आणि "बरं," म्हणाली. तो "बरं" मला पूर्ण ऐकू आला. त्यात स नव्हता.

कागद खिशात घालून मी कारखान्यावर आलो. कारखाना म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक लांब टेबल, दिव्याखाली भिंग, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले स्क्रू-ड्रायव्हर लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि समोर दोन स्पीकरच्या पेट्या, ज्यांच्यावर मी आयुष्यभर माणसांचे यंत्रांवरचे राग काढून दिले. दाराबाहेरच्या स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, दोन वर्षं इकडे किंवा तिकडे. गळ्याभोवती रुमाल घट्ट गुंडाळलेला, मांडीवर एक चौकोनी पुडकं, आणि ते दोन्ही हातांनी असं धरलेलं की काठोकाठ भरलेलं ताट असावं. मी नमस्कार केला. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि आधीच लिहून आणलेलं पान समोर धरलं. अक्षर टपोरं, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. "नाव सांगून उपयोग नाही. आवाज ऐकवला असता तर तुम्ही उठून उभे राहिला असतात. बावीस वर्षं रेडिओवर सकाळी सहाची वेळ आणि हवामान मी सांगत असे."

मी उभाच होतो, तरी पुन्हा उभा राहिल्यासारखं वाटलं. ती बाई आमच्या घरात होती. मी दाढीचा ब्रश ओला करायचो तेव्हा ती म्हणायची, सहा वाजले आहेत. पुढे किंचित थांबायची, तेवढ्यात मी घड्याळाची किल्ली द्यायचो. माझी बायको म्हणायची, "ही रोज उठवायला येते आणि एकदाही चहा मागत नाही." बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली, तिचा आवाज आठवायचा प्रयत्न केला की आधी या बाईचा येतो आणि त्याला धरून मागून तिचा येतो, "चहा मागत नाही". हे मी बाईंना सांगितलं. बहुतेक जरा वाढवूनच सांगितलं. त्यांनी लिहिलं, "तुम्ही नेहमी इतकं बोलता?" मी म्हटलं, "बोलतो म्हणून गिऱ्हाईक बसतं." त्यांनी लिहिलं, "मीही पगार घेऊन तेच केलं."

मग हळूहळू, पानापानाने, सगळं कळलं. आठ महिन्यांपूर्वी घशाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात बोलता येईल. एकदा बोलून पाहिलं, दवाखान्यातच, आरशासमोर. जो आवाज निघाला तो ऐकून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. त्यांच्या काळात सगळं थेट प्रसारण, फिती पुसून पुन्हा वापरायच्या, त्यामुळे बावीस वर्षांतलं एक वाक्यही कुठे उरलेलं नाही. उरली ती ही एकच चकती. बावीस वर्षांच्या असताना आवाजाची परीक्षा घेतली तेव्हा ध्वनिमुद्रण करणाऱ्याने परीक्षेबरोबरच कोरून ठेवलेली, मागाहून भेट म्हणून दिलेली. तीन मिनिटं. एक हवामानाचा अंदाज आणि गाड्यांचं वेळापत्रक. "एकदा नीट ऐकायचा आहे," त्यांनी लिहिलं, "म्हणजे तो गेला हे पटेल, आणि मग उरलेल्याचं काय करायचं ते ठरवीन."

मी पुडकं सोडलं. अशा चकत्या मी आयुष्यात सहा पाहिल्या असतील; बाहेर साठ सांगतो. आतून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वर काळा मऊ लेप, त्यात आवाजाची चरी थेट कोरलेली. बाजारातल्या रेकॉर्डसारखी ती कणखर नसते. प्रत्येक वेळी वाजवली की सुई तिचा थोडा आवाज खरवडून नेते, आणि सुईचा कल चुकला असेल तर एका वाजवण्यात दहा वाजवण्यांचं खाते. भिंगाखाली चरी राखाडी दिसत होती. कुणीतरी मागे वाईट यंत्रावर चालवली होती. "भाच्याच्या लग्नात," बाईंनी लिहिलं, "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." मी सांगितलं, "बाई, ही तीनदा वाजेल. चौथ्यांदा नुसती राख." त्यांनी लिहिलं, "एकदा पुरे. पण नीट." आणि खाली, जरा थांबून: "मोठ्या दुकानात गेले होते. त्यांच्याकडे सुई पडद्यावर भिंतीएवढी करून दाखवणारं यंत्र आहे. ते म्हणाले, यंत्राने कोन काढता येतो, पण या लेपावरचा शेवटचा केसभर फरक कानानेच काढावा लागतो, आणि तो कान शहरात एकाच माणसापाशी आहे. तुमचा पत्ता त्यांनीच दिला."

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. कागदही खिशातच होता, काढून वहीवर ठेवला असता तरी झालं असतं, दोघांनी एकमेकांचे कागद वाचले असते. मी तो खिशावरून चाचपला देखील. पण ती ओळ समोर होती, तो कान शहरात एकाच माणसापाशी आहे, टपोऱ्या अक्षरात, पट्टीसारख्या शिरोरेघेखाली, आणि चाळीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं सुबक कुणी लिहिलं नव्हतं. मी बाह्या सारल्या.

आता माझ्या हातांबद्दल बोलायला हवं, कारण त्यांच्याबद्दल मी कधी खोटं बोललो नाही, गरजच पडली नाही. यंत्र आधी चारी बाजूंनी सपाट केलं, पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन गप्प बसेपर्यंत. मग टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा तो लांब बारीक हात, त्याचं मागचं वजन फिरवून हात हवेत तरंगता केला, ना खाली पडे ना वर उठे, झोपलेल्या माणसाचा हात उचलून सोडावा तसा. आणि तिथून सुईवर मोजून पावणेदोन ग्रॅम भार दिला. मग तबकडीवर आरशाचा तुकडा ठेवून सुई त्यावर टेकवली. वरची सुई आणि आरशातली सुई मिळून एक सरळ रेघ व्हावी लागते; डावी-उजवीकडे कललेली असेल तर गुडघ्यात मोडलेल्या पायासारखी दिसते. ती सरळ केली. मग हाताच्या मागे रेघांचं कार्ड उभं धरून हात रेकॉर्डशी समांतर आणला. इथवर डोळ्यांचं काम. याच्या पुढचं जे उरतं ते हात ज्या खांबावर बसतो त्या खांबाच्या उंचीचं. खांब केसभर वर केला की सुई पुढे झुकते, खाली घेतला की मागे रेलते. चरीतून जाताना सुईने किंचित पुढे झुकायचं असतं, दोन अंश, दाराआड बोलणं चाललेलं असताना माणूस झुकतो तेवढं. मागे रेलली तर आवाज घोंगडी पांघरतो. फार झुकली तर स आणि श चावायला लागतात. म्हणून चाल अशी: खांब वर नेत जायचा, स चावला की थांबायचं, आणि केसभर मागे यायचं. तो केस म्हणजे मी.

हे सगळं त्यांच्या चकतीवर करून बघता येत नाही, म्हणून मी माझी जुनी चाचणीची रेकॉर्ड काढली, तेवढ्याच जाडीची, निवडून ठेवलेली. जाडी सारखी हवीच. पातळ रेकॉर्डवर कोन लावून जाड रेकॉर्ड वाजवणारे शहाणे मी पाहिले आहेत. शिंप्याने धाकट्याचं माप घेऊन थोरल्याचा सदरा शिवावा तसलं ते काम. या रेकॉर्डवर एक बाई नुसतं वाचते, निम्मे शब्द स-श चे. मी तिला चाळीस वर्षं ऐकतो आहे. सुई टेकवली. बाईंनी डोळे मिटले. आणि मी, माझ्याही नकळत, त्यांच्या कपाळाकडे बघायला लागलो.

बघता बघता मला थोरले मिस्त्री आठवले. ज्यांच्याकडे मी शिकलो ते. त्यांच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत ते सुई टेकवत आणि माझ्याकडे वळून बघत. "काय वाटतं?" मी तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, आणि तरी वाटायचं अजून परीक्षा घेतात. मी काही बोलायच्या आतच ते "हं" म्हणत आणि स्क्रू फिरवत, आणि दर वेळी माझ्या मनात होतं त्याच बाजूला फिरवत. घरी येऊन मी बायकोला सांगायचो, काय माणूस आहे, माझ्या मनातलं त्याला ऐकू येतं. ती म्हणाली होती, "ऐकू येतं की दिसतं?" मी तिला म्हटलं होतं, तुला यातलं कळत नाही. आज, बाईंच्या कपाळाकडे बघताना, मला पंचेचाळीस वर्षांनी त्या म्हाताऱ्याचं गुपित कळलं. माझी भुवई म्हणजे त्याचा कान होता. आणि मला त्याचा राग नाही आला. उलट गंमत वाटली, आणि अभिमानही, की शहरातला सगळ्यात नावाजलेला कान पाच वर्षं माझ्या कपाळावर राहत होता.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे न उघडता लिहिलं, "झाकलेला." म्हणजे सुई मागे रेलली आहे. मी खांब केसभर वर केला. आठी तशीच. अजून केसभर. "अजून झाकलेला." मी वर केला. माझ्या कार्डावरच्या रेघा आता हाताला तिरप्या जायला लागल्या होत्या. अजून. हाताची शेपटी वर आली होती, डोकं खाली, गुन्हा कबूल करणाऱ्यासारखं. बोटं सांगत होती पुरे, डोळे सांगत होते पुरे, कधीच पुरे, आणि ते कपाळ म्हणत होतं, अजून. चाळीस वर्षांत माझी बोटं आणि डोळे कधी भांडले नव्हते, आणि आज दोघे मिळून एका परक्या कपाळाशी भांडत होते. मग मी जे कधी करत नाही ते केलं: खरोखर ऐकलं. रेकॉर्डवर वाचणाऱ्या त्या बाईचं प्रत्येक अक्षर मला स्वच्छ येत होतं. सकाळ, शिशिर, शेवटची सही. प्रत्येक स जागच्या जागी. मग दवाखान्यातल्या त्या मुलीचं म्हणणं आठवलं, मधलं मधलं तुम्ही भरता. मी एकच शब्द धरून ऐकला, त्याच्याभोवतीचं सगळं सोडून. आणि तिथे भोक होतं. स च्या जागी भोक, आणि त्या भोकात माझ्या डोक्यातला स आपणहून येऊन बसत होता, चाळीस वर्षांपूर्वीचा, कोरा करकरीत, एवढ्या वाजवण्यांत एकदाही न झिजलेला. घाबरायला हवं होतं. क्षणभर घाबरलोही, टेबलाची कड धरली. पण पाठोपाठ वाटलं, माझ्याकडे किती धडधाकट स आहे. बाईंचा आवाज बाहेर एका चकतीवर उरलाय आणि माझे सगळे आवाज आत शाबूत आहेत. कुणाचं यंत्र चांगलं?

सुई टेकून राहिली होती, रेकॉर्ड संपत आली होती. मी सुई उचलली. बाईंनी डोळे उघडले. मी खांब सरळ खाली आणला, जिथे माझ्या डोळ्यांनी आणि बोटांनी आधीच खूण करून ठेवली होती तिथे, आणि हसलो. "मुद्दाम वर नेला होता," मी म्हटलं. "तुमचा कान बघत होतो. आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाची परीक्षा घेतल्याशिवाय मी त्याच्या चकतीला हात लावत नाही." त्यांनी भुवया उंचावल्या. "आता ऐका." पुन्हा सुई टेकवली. आणि मग मी माझा खेळ केला, जो बघायला लोक चहा घेऊन उभे राहत. डोळे अर्धे मिटले, मान जरा तिरकी, उजवं बोट हवेत, आणि प्रत्येक स ला बोट टिचकीसारखं खाली. एकही चुकला नाही. रेकॉर्ड पाठ होती. "ऐकलंत? इथे चावतोय, काचेवर नख. थांबा." स्क्रूला नुसतं बोट लावलं, फिरवला नाही. "आणि आता? लोण्यातून सुरी. बसली, बाई. याच्यापुढे देवाने जरी कान लावला तरी त्याला काही काढता यायचं नाही."

बाई उठल्या. पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. त्या सावकाश डाव्या पेटीपाशी गेल्या, वाकल्या, आधी खालच्या मोठ्या स्पीकरशी कान नेला, मग वरच्या छोट्या भोंग्याशी. पेटीत जाड आवाज खालून येतात, बारीक आवाज वरून. हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. मग त्यांनी पेटीच्या मागे डोकावून पाहिलं आणि उजव्या पेटीपाशी जाऊन तेच केलं. मला वाटलं, इतकं नितळ वाजतंय की त्यांना खरं वाटत नाहीये. मला असे चेहरे माहीत आहेत. शाळामास्तर असाच पेटीमागे डोकावला होता, गायिका बसली आहे का बघायला. मी त्यांना घाई केली नाही. कौतुक होत असताना कारागिराने टेबल पुसावं. मी टेबल पुसलं. चाचणीची रेकॉर्ड उतरवून पाकिटात घातली. त्यांची चकती दोन्ही तळव्यांच्या कडांवर उचलली, चरीला बोट न लावता, आणि तबकडीवर अशी ठेवली की आवाज झाला नाही. झाला असला तर तो माझ्यापर्यंत पोचणाऱ्यांतला नव्हता. ब्रशने सुईचं टोक एकदा मागून पुढे झाडलं. चकती फिरायला लागली, राखाडी चरीवर दिव्याची तिरीप गोल गोल. चाळीस वर्षं, म्हटलं मनाशी, आणि चाळीस वर्षांच्या शेवटी हे काम. टोनआर्मखाली बोट घालून मी सुई चकतीच्या कडेवर आणली. एक बोटभर अंतर राहिलं होतं.

बाईंनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या मानाने पकड चांगलीच होती. सुई हवेत थांबली, खाली चकती फिरत राहिली. मी म्हटलं, "काळजी करू नका. मी स्वतः ऐकून लावली आहे."

मग तो आवाज आला. आधी मला कळलंच नाही कुठून येतोय. काड्यापेटीच्या कडेसारखा खरबरीत, तळाला जाड, कडा नसलेला, माझ्या कानांच्या मापाचा, आणि तरीही त्यात तेच थांबणं होतं, वेळ सांगितल्यावरचं, ज्यात मी घड्याळाला किल्ली द्यायचो.

"तुम्ही काही ऐकलेलं नाही, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "वरच्या दोन्ही भोंग्यांच्या तारा मागे लोंबतायत. मी आल्यापासून या खोलीत एकही स वाजलेला नाही."